दाजींच्या तळहातावरचा नारळ

समस्त आप्तेष्टांनी कृपया उभं राहून ऐकावी अशी एक गंभीर घोषणा: मी आजही कट्टर नास्तिक आहे! फक्त आज सकाळी चटणीसाठी नारळ सोलताना शेंडीचा तो कोरडा वास आला आणि माझा तळहात शहारला.

वीसेक वर्षांपूर्वी कर्जतजवळची माझ्या मेहुण्याची लिंबोणीची बाग पाण्यावाचून वाळत होती. दोन बोअर कोरडे गेले होते आणि तिसरा त्याला झेपणारा शेवटचाच होता. जागा दाखवायला त्याने पाणाड्या बोलावला. म्हातारा तळहातावर आडवा नारळ ठेवून रानभर फिरायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी!

"हातचलाखी आहे सगळी," मी गरजलो.

"मग घ्या की दाजी, तुमीच चाला," मेहुणा वैतागून म्हणाला.

मी ऐटीत निघालो. पायाखाली तापलेली ढेकळं होती आणि मागे अख्खी सासुरवाडी हसत होती. बांधाच्या कोपऱ्यावर नारळ डुलला आणि चक्क ताठ उभा राहिला. तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. आता मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालींवर मी तासभर बोलू शकतो, आणि शेवटी 'पण मला माहीत नाही' हेही मजेत म्हणतो.

मेहुण्याने तिथेच बोअर घेतला. उडणाऱ्या धुरळ्याचा चिखल झाला, मग पाण्याचा फवारा उसळला. सगळे नाचायला लागले. पाणाड्या मात्र डोळे फाडून माझ्याकडे बघत ओरडला, "अवं दाजी, मी तर आजवर बोटानंच उभा करत हुतो!"