क्वालिटीवाले काका

एक डोळा मिटायचा, मान जरा तिरकी करायची आणि बाकावरून उडी मारणाऱ्या मुलीच्या गुडघ्यांकडे रोखून बघायचं. पाय जमिनीला टेकले की निकाल. "रिजेक्ट." पुढची. "रिजेक्ट." तिसरीचे गुडघे जरा बरे पडले तर "रिवर्क", म्हणजे सुधारून परत. आठवड्यातून एखादीच्या वाट्याला "पास" यायचं, तेही असं की खिशातून काहीतरी काढून द्यावं लागतंय.

सिडकोतल्या आमच्या शाळेच्या मैदानावरून संध्याकाळी तुम्ही कधी गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. निळा कंपनीचा शर्ट, कानाला अडकवलेलं पेन, उकिडवे बसलेले. आणि पाहून तुमच्या मनात काहीतरी आलंही असेल. काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. बऱ्याच जणांच्या मनात तेच आलं होतं.

मी त्या शाळेत खेळ शिकवते. मुलींचा कबड्डीचा संघ माझ्याकडे आहे. हे उकिडवे बसणारे गृहस्थ अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होते. दिवसभर सुटे भाग मापात घालून बघायचे, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल डब्यात. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे घरी चपातीचा गोलसुद्धा तपासून बघतात, अशी त्यांच्या मिसेसची तक्रार होती. मुली त्यांना क्वालिटीवाले काका म्हणायच्या. मी भाऊ म्हणायचे.

त्यांची मुलगी माझ्या संघात होती. इतकी चपळ चढाई करणारी पोर मला पुन्हा मिळाली नाही. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात उडी मारून उतरताना तिचा डावा गुडघा आत वळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. ती खाली बसली, मग उठली, म्हणाली ठीक आहे. भाऊ गर्दीतून धावत आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्या गुडघ्याला पट्टी आवळली. मी त्यांच्याकडे बघितलं.

"खेळेल," ते म्हणाले.

"खेळेल," मीही म्हणाले. तिला कुणी विचारलं नाही.

ती आणखी सात मिनिटं खेळली. पुढचे तीन महिने एक हाडवैद्य तेल लावून तो गुडघा चोळत होता. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आतला लिगामेंट पहिल्याच उडीत तुटला होता, आणि तुटल्यावर खेळवल्यामुळे गुडघ्यातली गादीही फाटली. ऑपरेशन झालं, पण उशिरा. आता तो पाय पुरता वाकतही नाही आणि पुरता सरळही होत नाही. तिला बघायला आलेल्या एका स्थळाकडच्या मंडळींनी तिला दोनदा चालून दाखवायला सांगितलं, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

तिला व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोलता बोलता भाऊंना एक गोष्ट सांगितली. मुलींचे गुडघे असे जास्त जातात, आणि बहुतेक वेळा उतरताना किंवा वळताना जातात. उतरताना गुडघा वाकलेला आणि पंजाच्या रेषेत ठेवायचा, मांड्या आणि कंबर मजबूत करायची, सरावाआधी रोज वीस मिनिटं द्यायची, एवढं शिकवलं तर यातल्या पुष्कळ दुखापती टळतात. बाईंनी हे सहज सांगितलं असेल. भाऊंच्या मात्र ते जिव्हारी लागलं. कारखान्यात एखादा दोष टाळता येत असून आला, तर विचारणा तपासणाऱ्यालाच होते.

साधारण वर्षभराने ते फाटकाशी उभे राहिले. हातात डायरी. डायरीत प्रत्येक व्यायामाचं चित्र, अगदी मशीनच्या भागाचं काढावं तसं, बाण आणि कोन दाखवून. मला म्हणाले, "मॅडम, रोज वीस मिनिटं द्या. बाकीचा टाइम तुमचा." मी हो म्हणाले. मला तेव्हा त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मैदान आखायची फक्की मागून घेतली आणि बाकापासून दहा-बारा फुटांवर एक पांढरी रेष मारली. ती रेष त्यांची स्वतःसाठी होती. तिच्या अलीकडे ते कधी आले नाहीत आणि कुठल्या मुलीला त्यांनी कधी हात लावला नाही. काही दाखवायचं असलं तर स्वतःच्या पँटवर खडूने गुडघ्याची वाटी काढून दाखवायचे. पन्नाशीचा माणूस रेषेपलीकडे एका पायावर उभा राहून डुलतोय आणि मुली तोंडावर हात धरून हसताहेत, हे मी कितीदा तरी पाहिलं.

हसू फार वेळ टिकायचं नाही. जीभ वाईट होती त्यांची. एका मुलीला म्हणाले, तुझे गुडघे एकमेकांच्या गळ्यात पडतात, सासरी निघाल्यात काय? एका लठ्ठ पोरीला त्यांनी सगळ्यांसमोर चाळीस उड्या मारायला लावल्या, कारण तिच्या पायांचा आवाज येत होता. आवाज हे त्यांचं दुसरं वेड. डोळे मिटून ऐकायचे. धप्प झालं की, "आवाज आला. परत." रडलं तरी परत. मी मध्ये पडले तर म्हणायचे, "आता रडू द्या मॅडम. आता रडून भागतंय." मला त्यांचा राग यायचा आणि मी तो गिळायचे.

पण त्याच माणसाने कारखान्यातून टाकाऊ रबरी पट्टा मागून आणला आणि मुली जिथे उतरायच्या तिथे स्वतः ठोकून बसवला. त्या लठ्ठ पोरीला दिवाळीच्या आधी "पास" मिळाला तेव्हा ती मैदानभर नाचली आणि भाऊ डायरीत काहीतरी लिहायचं निमित्त करून खाली बघत राहिले.

तीन वर्षं ते आले. तीन वर्षांत माझ्या संघातला एकही गुडघा गेला नाही. आणि गंमत बघा, हे माझ्याही लक्षात आलं नाही. गुडघा जातो तेव्हा सगळ्या मैदानाला कळतं. न गेलेला गुडघा कुणाला दिसणार? दुसऱ्या शाळांचे सर मला चिडवायचे की तुमच्या मुली कबड्डी खेळतात की बाकावरून उड्या मारतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

मग कविता आली. हरसूलकडची, इथे वसतिगृहात राहायची. काटक, अबोल, आणि अंगात वारा. घरी तिच्या पाठच्या दोघी. तिचं एकच ठरलेलं होतं, राज्याच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरती. निवड चाचणी चार महिन्यांवर होती. मला खात्री होती की ती घेतली जाणार. भाऊंनी तिची पहिली उडी बघितली आणि दुसरा डोळासुद्धा मिटला.

"हिचा डावा लय आत जातो मॅडम. हिला चाचणीला पाठवू नका. सहा महिने द्या मला."

मी म्हणाले, चाचणी सहा महिने थांबत नाही. ते म्हणाले, गुडघाबी थांबत नाय. त्यांनी तिला रोज संघाच्या अर्धा तास आधी बोलावलं. पाय धरायला दुसरी मुलगी, आणि ही गुडघ्यांवर उभी राहून हळूहळू पुढे झुकायची, मांडी थरथरेपर्यंत. सुधारत होती ती. पण भाऊ तिला तोंडावर सांगायचे की तू अशीच गेलीस तर मोडून घरी येशील, मग तुझा बाप तुला काय शेतात बसवणार का? एकदा ती वसतिगृहात जाऊन जेवली नाही. मी भाऊंना खूप बोलले. ते ऐकत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास आधी हजर.

त्याच आठवड्यात एका मुलीच्या आईने कुंपणाबाहेरून त्यांचा फोटो काढला. फोटोत बाकावर आखूड चड्डीतल्या मुली होत्या. समोर उकिडवा बसलेला एक माणूस, मान तिरकी, एक डोळा मिटलेला. डोळा मारल्यासारखा दिसत होता. फक्कीची रेष फोटोत आली नव्हती. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. या माणसाची नेमणूक तुम्ही केली का? मी म्हणाले, नाही. मग त्याला आणलं कुणी? मी म्हणाले, ते स्वतःहून येतात. कोण आहेत? मी म्हणाले, एका माजी विद्यार्थिनीचे पालक. तिन्ही वाक्यं खरी होती, आणि तिन्ही मिळून मी एक धडधडीत खोटं बोलले. मी स्वतः एक बाई होते. मी एक शब्द टाकला असता की रोज मी तिथे दहा पावलांवर उभी असते आणि या माणसाने कधी रेष ओलांडली नाही, तर विषय तिथेच संपला असता. पण ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, मॅडमना हे दिसत नव्हतं का? मला ते "मॅडम" आपल्याकडे येताना दिसलं आणि मी बाजूला झाले. आणखी एक सांगते, सांगायला नको वाटतं तरी. आता कविताच्या चाचणीच्या आड कुणी येणार नाही, असंही मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांना फाटकावर वॉचमनने अडवलं. मी आत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाक मारली नाही. मी शिट्टी वाजवली आणि मुलींना पलीकडच्या टोकाला पळवत नेलं. परत फिरले तेव्हा फाटकात कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, डायरी देऊन गेले, कविताच्या पानाला खूण केली आहे म्हणाले. मी डायरी कपाटात ठेवली.

आठवडाभर मी ते व्यायाम घेतले. मग पालक म्हणाले चाचणी जवळ आली, सामने खेळवा. मलाही पटलं. तीन वर्षांत कुणाचा गुडघा गेलाय, असं मीच मोठ्याने म्हणाले. वीस मिनिटांची दहा झाली, दहाची पाच, आणि मग बाक भिंतीला लावून ठेवला.

चाचणीत कविता पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या नजरेत भरली. निवड समितीतल्या एकाने तिचं नाव विचारून घेतलं, ते मी ऐकलं. मग हात धरून अडवायला आलेल्या दोघींच्या साखळीवरून तिने उडी घेतली. कुणी धरलं नव्हतं तिला. ती एका पायावर उतरली आणि बसली. मी धावत गेले तर ती रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, आत काहीतरी वाजलं."

या वेळी मी तिला खेळेल म्हणाले नाही. एवढंच मी शिकले होते, आणि तिच्या कामाचं ते नव्हतं. ऑपरेशन लवकर झालं. डॉक्टर म्हणतात वर्षभराने पळेल. भरतीचं वय निघून चाललंय. ती आता हरसूलला आहे, आणि माझा फोन तिची आई उचलते.

पंधरा दिवसांनी मी भाऊंच्या घरी गेले. दोन खोल्या आणि गॅलरी. मिसेसनी चहा दिला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणता पाय?" डावा, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. "मी सांगितलं होतं" असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. म्हणाले असते तर मला जरा हलकं वाटलं असतं. ते तसं म्हणाले नाहीत.

मी माफी मागितली. मी म्हणाले, मुख्याध्यापिकांना सगळं खरं लिहून देते, पालकांसमोर उभी राहून सांगते, तुम्ही परत या. त्यांनी कप खाली ठेवला.

"नाय मॅडम. त्या फोटोत मी कसा दिसतो ते मी बघितलंय. मलाबी तसाच दिसला तो माणूस."

तेवढ्यात आतून त्यांची मुलगी आली. तिच्या व्यायामाची वेळ झाली होती. तिने भिंतीशी एक पाट ठेवला. भाऊ लगेच उठले आणि गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं कुणी हाक मारली असेल. मुलगी हळूच म्हणाली, "फोटो आल्यापासून बाबा माझ्या पायाकडे बघत नाहीत. आधी रोज समोर बसायचे."

ती पाटावर चढली आणि डाव्या पायावर भार देऊन खाली उतरू लागली. एक. दोन. तीन. भिंतीला हात टेकलेला. गुडघा दर वेळी आत जात होता, मला स्पष्ट दिसत होता.

गॅलरीतून आवाज आला. पाठ तशीच.

"मॅडम, सरळ येतोय ना तिचा?"

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवून सांगू नका अशी खूण केली.

"येतोय," मी म्हणाले.