साडूभाऊंची मंडळी

आमच्या साडूंइतका झाडाच्या खालच्या बाजूवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. फूल, शेंग, हिरवं पान, ज्यासाठी बाकीचं जग झाडाकडं बघतं, त्याच्याशी या गृहस्थांचं काही देणंघेणं नाही. ते लातूरला शेतीसंशोधनाच्या नोकरीत होते आणि त्यांचा विषय म्हणजे हरभरा, तूर, सोयाबीन असल्या पिकांच्या मुळांवर गाठी करून राहणारे जिवाणू. हे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर पुरवतं, आणि या व्यवहारात आमच्या साडूंचं अर्धं आयुष्य गेलं. मी नांदेडला चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना समोरचं नीट दिसावं एवढीच माझी धडपड, पण साडूंना जमिनीच्या वरचं काही दाखवणं मला आजवर जमलेलं नाही.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे शिक्षाच. गाडी जरा वेग घेते न घेते तोच, "थांबा थांबा साडूभाऊ, ती तूर बघू द्या!" की हे उतरून परक्याच्या रानात. रोप उपटायचं, मुळावरची बारीक गाठ अंगठ्याच्या नखानं फोडायची. आतून गुलाबी निघाली तर नातू झाल्यासारखा चेहरा करून म्हणणार, "कामाला लागलेत!" पांढरी निघाली तर रानाच्या मालकाला हुडकून तोंडावर सांगणार, "तुमच्या रानातले नुसतं बसून खाऊन राहिलेत." भीडभाड म्हणून नाही. देगलूरच्या एका लग्नात कुणीतरी आशीर्वादासाठी त्यांच्या हाती माईक दिला, तर त्यांनी संसार कसा करावा हे गाठींवरून समजावायला घेतलं. वरण गार झालं. तेलंगणातून आलेले पाव्हणे भाषा कळत नसल्यामुळं तेवढे शांत बसले होते. शेवटी नवरीच्या मामानं बँडवाल्यांना खूण केली.

घरातही तेच. जिवाणूंची काळी भुकटी गारव्यात ठेवावी लागते, म्हणून फ्रीजवर पहिला हक्क तिचा. तिला ते 'मंडळी' म्हणतात. उन्हाळ्यात वीज गेली की ओलं फडकं घेऊन स्वतः पुड्यांपाशी बसणार. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आम्ही तिला अक्का म्हणतो, एकदा वैतागून म्हणाली, "दूध नासलं तर चालतंय ह्यांना. मंडळीला ऊन लागलं की घरात सुतक!"

या मंडळीत एक त्यांचा खास लाडका होता. मुखेडकडच्या कोरडवाहू रानातून त्यांनी तो शोधून वाढवला होता, उन्हानं तापलेल्या मातीतही तग धरणारा. संशोधन केंद्रातल्या वाफ्यांत तो पास झाला होता, आता शेतकऱ्याच्या रानात दाखवून द्यायचं राहिलं होतं. ते दिसलं की तो गावोगाव वाटला जाणार होता. पुढच्या उन्हाळ्यात साडू निवृत्त होणार, म्हणजे हाच हंगाम शेवटचा. मुखेडजवळ आमच्या सासऱ्यांचं रान आहे, त्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो. साडूंनी तिथं अर्ध्या रानात गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून चोळलेला हरभरा पेरला आणि अर्धं रान तुलनेसाठी कोरं ठेवलं, म्हणजे तिथं बिनभुकटीचा हरभरा.

वेळ अमावास्येला आमच्याकडं कुणी घरी सापडत नाही. सगळे रानात, कडब्याच्या कोपीत पूजा करायची आणि मिश्र भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल पोटभर हाणायची. त्या दिवशी आम्ही सगळे मामांच्या रानात पोचलो. साडू पूजेला न थांबता हरभऱ्यात घुसले आणि जागीच उभे राहिले. अख्खं रान सारखं हिरवं होतं. त्यांनी कोऱ्या बाजूचं एक रोप उपटलं. वर पाला काळाभोर, खाली मुळं गाठींविना जवळजवळ मोकळी.

"मामा, इकडं युरिया टाकला का?"

"हाव, टाकला की!" मामा खुशीत आले. "इकडलं रान पिवळं पडून राहिलं होतं. लोकं बांधावर उभं राहून हसाय लागले, जावयाचं औषध अर्ध्यात फेल हाय म्हणून. मला काय ते ऐकवलं न्हाई. गुपचूप टाकून दिलं. आता कोण हसतंय बघू!"

मी साडूंकडं बघायची हिंमत केली नाही. ती पिवळी पडलेली बाजू, तीच तर त्यांची फत्ते होती. मामांनी जावयाची अब्रू झाकायला नेमकी तीच हिरवी केली होती.

साडूंनी उपटलेलं रोप परत मातीत खोचलं आणि भोवतीची माती अंगठ्यानं दाबली. तेव्हा कुठं मामांच्या तोंडावरचा रंग उतरला. "काय चुकलं का आमचं?"

"न्हाई मामा," साडू म्हणाले. "रान लई झकास दिसून राहिलंय. चला, आंबिल प्यायची न्हाई का?"

त्या माणसाला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि माझा त्यांच्यावर एकदम फार जीव जडला. प्रयोग रद्द झाला. उन्हाळ्यात निरोपाचा हार घालून ते घरी आले. मामांना खरी गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. जावयाच्या औषधानं सगळं रान सारखं आलं, असं ते बाजारात चारचौघांना अभिमानानं सांगतात.

पुढच्या पेरणीला मी मुखेडला गेलो, तर मामांच्या अंगणात साडू बाह्या सरसावून बसलेले, हात कोपरापर्यंत काळे. समोर पोत्यावर हरभऱ्याचा मोठा ढीग.

"यंदा अर्धं कोरं ठेवायचं न्हाई?" मी विचारलं.

"कशाला? आता कुणाला दाखवायचंय, साडूभाऊ? सगळंच रान जेवू द्या."

बियाणं सावलीत पसरायचं होतं, म्हणून मीही पोत्याचं दुसरं टोक धरलं.