परक्या स्वयंपाकघरातला फोटो

मालवणला आमच्या घरी पर्यटक उतरतात. गेल्या हिवाळ्यात एक परदेशी माणूस आठवडाभर राहिला. शांत होता, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचा. आम्हाला तो आवडला होता.

एका सकाळी न्याहारी करताना त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तो बंदूक घेऊन हसत उभा होता. मागे शेगडीवर भाजीचं भांडं तसंच राहिलं होतं. दूरच्या एका देशात यादवी पेटली होती आणि हा आपण होऊन तिथं लढायला गेला होता.

"त्यांची भाषा येत होती?" मी विचारलं.

"दोनच शब्द. 'थांब' आणि 'हात वर'."

"हे घर कुणाचं?"

"माहीत नाही. आम्ही निघालो तेव्हा ते उरलंच नव्हतं. गावाचं नावही आता आठवत नाही," असं म्हणून त्यानं आणखी एक घावन मागितलं.

मला शिसारी आली. यादवीत भाऊ भावाच्या जिवावर उठला, तरी त्याला पुढं त्याच गावात, त्याच माणसांची तोंडं बघत जगावं लागतं. हा मात्र विमानानं गेला, कुणाचं तरी घर पाडलं आणि विमानानंच परतला.

"काय म्हणता तो?" बायकोनं चुलीपाशूनच विचारलं. मी सगळं सांगितलं.

"पीठ सपला म्हणान सांगा तेका," ती म्हणाली.

पिठाचा टोप त्याच्यासमोरच होता, अर्धा भरलेला. तिनं तो झाकलासुद्धा नाही.