पापडवाल्या मावशी

"बूट वाजले की केस पडते," असं म्हणत हवालदारबाई वर्दी पोलीस ठाण्यातच काढून ठेवायच्या आणि साधी साडी नेसून, उल्हासनगरच्या सिंधी पापडांची पिशवी घेऊन समन्स द्यायला निघायच्या. तारखेला साक्षीदार कोर्टात हजर ठेवणं हे त्यांचं काम. मी तेव्हा सरकारी वकिलांच्या हाताखाली नवी होते. लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले आमच्याकडे असायचे. तुमच्याही दारात अशी एखादी पापडवाली येऊन गेली असेल, आठवून बघा.

ते बूट त्यांचेच होते. नोकरीच्या सुरुवातीला त्या वर्दीत, जीप घेऊन एका मुलीच्या दारात गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला ते घर कळलं. आठवड्यात खोली रिकामी झाली, मुलगी कोर्टात आलीच नाही आणि आरोपी सुटला. हे त्या स्वतःहून सांगायच्या.

एकदा मला बुवापाड्यात घेऊन गेल्या. "कुणी विचारलंच तर तुम्ही माझी भाची." चार घरी खरंच पापड विकले आणि मग त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी शिरलो. गुन्हा शिकवणीच्या मास्तरवर होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, त्यामुळे गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. पाहणारं दुसरं कुणीच नसल्याने सगळा खटला मुलीच्या साक्षीवर उभा होता.

आई हळूच म्हणाली, "मॅडम, राहू द्या आता. दीर म्हणतात, पोरीचं नाव खराब होईल."

बाईंनी समजावलं नाही. "बरं, चहा तर टाक," म्हणाल्या आणि मुलीला गॅसपाशी घेऊन पापड भाजायला लागल्या. मध्येच ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी सर..."

"ते मला नको सांगू, बाळा. जजमॅडमना सांग. हा पापड फिरव आधी."

परतताना रिक्षात मी चिडले. "निदान तिचा जबाब तरी वाचून दाखवायचा."

"वकीलबाई, तिला आठवतंय. आपण कशाला पाठ करून घ्यायचं?"

अशा चार-पाच खेपा झाल्या. शेवटी आईनेच विचारलं, "तारीख कधी आहे?"

तारखेच्या दिवशी कोर्टाचं दार बाहेरच्यांना बंद होतं आणि आरोपी पडद्याआड. मुलगी हळू, पण सरळ बोलली. मग बचावाच्या वकिलांनी नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. लहान मुलांना वकील थेट प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांचे प्रश्न जजमॅडम विचारत होत्या.

"पोलीस मावशी तुझ्या घरी यायच्या?"

"हो."



"इथे काय बोलायचं, ते त्यांनी शिकवलं?"

"नाही. मी सांगायला लागले की म्हणायच्या, मला नको, जजमॅडमना सांग."

"मग काहीच नाही शिकवलं?"

मुलीने जरा विचार केला. "पापड भाजायला शिकवलं. न जळता."

मास्तरला शिक्षा झाली. निकालपत्रात ते उत्तर जसंच्या तसं आहे. ते वाचताना मला बाईंचा अभिमान वाटतो आणि रिक्षातल्या माझ्या तोऱ्याची लाज.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. परवा दुसऱ्या कामाने बुवापाड्यात गेले, तर नळावरची एक बाई म्हणाली, "तुम्ही त्या पापडवाल्या मावशींची भाची ना? हल्ली दिसत नाहीत त्या. पापड छान असायचे."

इतक्या वर्षांत त्या कोण होत्या आणि कुणाच्या घरी यायच्या, हे गल्लीला कळलेलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "मावशी गावी गेली."