बिबट्याच्या आईचा आवाज

म्हैसूरच्या एका लहानशा स्टुडिओत मी सिनेमांना आवाज बसवते. पावलं, पाऊस, भांडणात आपटणारी ताटं, सगळं माझंच. गेल्या वर्षी एक कन्नड सिनेमा आला. गावकरी बिबट्याचं पिल्लू उचलून आणतात, आई शोधत येते, शेवटी गाव शहाणं होतं आणि पिल्लू परत करतं. खऱ्या मादीचा आवाज आमच्याकडे होता, पण तो ऐकून कुणी लाकूड कापतंय असंच वाटायचं. दिग्दर्शक म्हणे, "यात दुःख कुठंय?" आता दुःख काय मी डब्यात घालून आणू? सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम बेंगळुरूला जाणार होतं. मी स्वतः गुरगुरून पाहिलं. सगळा स्टुडिओ पोट धरून हसला.

घरी येऊन चिडचिड केली, तर माझे वडील, अप्पा, माझ्यावरच भडकले. "चिरत्याला कसलं डोंबलाचं दुःख गं?" आमच्याकडे बिबट्याला चिरताच म्हणतात. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. शहराच्या कडेला, हिनकलला आमचं घर; तिथल्या परसातून त्यांची लाडकी कुत्री बिबट्यानंच नेली होती. तेव्हापासून टीव्हीवर बिबट्या दिसला की ते चॅनेल बदलायचे. तरी दुसऱ्या दिवशी स्वारी स्टुडिओत हजर! "सुम्ने आलो," म्हणाले, म्हणजे आपलं उगीच. उगीच कुठले, माझ्या चुका काढायला आले होते.

पडद्यावर मादी रिकामी जागा हुंगत होती. मी नवा आवाज लावला, चांगला खणखणीत.

"अय्यो, बंद कर ते!" अप्पा म्हणाले. "ती एवढ्यात ओरडणार नाही. आधी हळूच बोलावेल. मोठ्यानं हाक मारली आणि तरी आलं नाही, म्हणजे मग संपलंच की."

आणि माईकपाशी जाऊन त्यांनी घशातल्या घशात एक आवाज काढला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कुत्री गेली तेव्हा भाताची थाळी घेऊन आठवडाभर ते परसात असंच बोलावत फिरले होते.

दिग्दर्शकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो खुर्चीतून उठलाच. "सर, हाच! आता पिल्लू परत भेटतं ना, तेव्हाचा द्या. आनंदाचा."

अप्पा पुन्हा माईकसमोर उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मला रडू आवरेना.

"तो मला येत नाही," ते दिग्दर्शकाला म्हणाले. "पण पिल्लू द्या हं तिला परत. तेवढं कापू नका."