दुसरी अधोडी

अधोडी म्हणजे काय, हे माझ्या सुनेला ठाऊक नाही. तिचा काय दोष म्हणा, गावात तो शब्द वापरणारं कोणी उरलंच नाही. मला मात्र तो मरेपर्यंत सुटायचा नाही.

जनावर मेलं की त्याचं कातडं पाठीच्या कण्यावरून उभं चिरतात. मग चुन्यात, नंतर बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवून ते कमावतात. त्यातली एक बाजू म्हणजे एक अधोडी. आमच्याकडे रीत अशी, की एक अधोडी जनावराच्या मालकाला नि दुसरी कमावणाऱ्याला, त्याच्या मेहनतीची.

शेलूबाजारच्या अलीकडे आमचं गाव. तिथं हे काम करणारा एकच म्हातारा राहिला होता. तो मला माय म्हणायचा, मी त्याला बाबा. आमचा तांबडा बैल पोट फुगून मेला, तेव्हा त्यानंच तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर सोलला. दोनेक महिन्यांनी आमची अधोडी घेऊन आला. "पाहा माय, कशी लोण्यावानी झाली!" केवढी ऐट त्याची! मी ती कोठीमागे ठेवली. आपली अधोडी सायकलला बांधून तो बाजाराच्या वाटेला लागला.

तासाभरात परत आला तो सात-आठ जणांच्या मधोमध. गळ्यात गमचे, मोटारसायकली माझ्या दारात आडव्या. हा कापलेल्या जनावराचं चामडं विकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्याचा सदरा फाटलेला होता.

"मेलेल्या बैलाचं हाये, दादा," तो सांगत होता. "याची दुसरी अधोडी या घरी हाये. दोन्ही जोडून पाहा, पाठीवरची चीर जुळते का नाई."

"खरं हाये काय, काकू?" एकानं मला विचारलं.

घरात मी एकटी. आमचे हे वाशीमला कोर्टात गेलेले. कोठी दहा पावलांवर. अधोडी आणायची नि जोडून दाखवायची, बस्स! पण चामडं दिसलं की ही माणसं आमच्याच घरात शिरतील, उद्या आमच्या ह्यांनाही ओढून नेतील, असं भ्या वाटलं.

"आमच्या घरी चामडं-बिमडं काई नाई," मी म्हणाले.

तेव्हाच जीभ झडायला पाहिजे होती माझी. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्यानं मला खोटं पाडलं नाही. "घर चुकलो वाटते," एवढंच बोलला.

त्याला पाराजवळ नेऊन मारलं. मी दार लावून आत बसले आणि सगळं ऐकलं. त्याची अधोडी पेट्रोल टाकून जाळली. उजव्या हाताची बोटं मोडली ती पुन्हा वळलीच नाहीत. त्याच हातात तो कातडं सोलायची रापी धरायचा.

यंदा आमचा दुसरा बैल मेला. जेसीबीनं खड्डा केला, मीठ टाकलं आणि त्याला कातड्यासकट आत लोटलं. त्या दिवशी मला राहवलं नाही. कोठीमागची अधोडी पदराखाली घेऊन मी म्हाताऱ्याच्या घरी गेले.

"चुकलं माह्यं, बाबा. हे तुमी घ्या."

त्यानं डाव्या हातानं ती मांडीवर ओढली. चिरेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "चांगली ठेवली तुमी," म्हणाला. मग गुंडाळून माझ्याकडे सरकवली.

"पन आता कोनासंग जुळवू हिले? त्या दिशी काढाची होती, माय."