तीन दात्यांची चावी

मंडळी, मी शहाद्यात बावीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय. आज हातून जे झालं ते इथे लिहून टाकतो.

सकाळी कळसाडीहून एक भाऊ त्याच्या बहिणीला, सुमनताईंना, टेम्पोतून घेऊन आला. सोबत ताईंची हाताने चालवायची तीनचाकी सायकल. त्यांचे पाय चालत नाहीत. याच सायकलवर गावभर फिरून त्या ब्लाउजला हुक लावायचं काम आणतात.

पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. चाक काढायला गेलो तर नट गोल, वर तीन भोकं. त्याला तीन दात्यांची चावी लागते. माझा एकही पाना बसेना.

सायकलसोबत चावी मिळाली होती का, म्हणून भावाला विचारलं, "येनी चावी भेटेल व्हती का?"

"माले माहीत नही."

दुकानाच्या पायरीवर बसलेल्या ताई मला दोनदा "भाऊ, भाऊ" म्हणाल्या. मी मान वर न करता म्हटलं, "थांबा ताई, काम चालू शे." छन्नी लावली आणि हातोडा घातला. चौथ्या घावाला चाकाच्या मधला हबच फुटला. तसा हब इथे मिळत नाही, नंदुरबारलाही फोन करून पाहिला.

मग ताई हळूच बोलल्या, "तेनी चावी घर देव्हारामा शे. दर दसराले मी पूजा करस. तुम्ही माले इचारंच नही."

भावाने त्यांना उचलून टेम्पोत बसवलं. सायकल माझ्या दुकानात पडून आहे.

सायकल ताईंची होती आणि मी विचारलं भावाला. तुम्ही असतात तर कोणाला विचारलं असतं? खरं सांगा.